मत आपले, ओळख आपली. मग निर्णय कोणाचा?

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्तीत दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला, ‘आपला माणूस कोण उभा आहे?’ आणि दुसरा, ‘यंदा समाजाचं काय ठरलंय?’ जाहीरनाम्यात काय आहे, मागच्या पाच वर्षांत कोणी काय केले, हे प्रश्न त्यानंतर येतात. कधी येतच नाहीत. यावरून बाहेरचे लोक आपल्याला सहज नाव ठेवतात, ‘हे लोक जातीवर मतदान करतात.’ असे नाव ठेवणाऱ्यांच्या घरात मतदान कशावर होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

माणूस मत देताना एकटा असतो, पण एकट्याने ठरवत नाही. घर, भावकी, सोयरे, वाडी, कामाची जागा, विहार, जयंती मंडळ, जात, धर्म, भाषा हे सगळे त्याच्या बोटामागे उभे असते. हे जगभर घडते आणि यात मुळात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच की, ही ओळख आणि ही नाती आपल्याला विचार करायला मदत करतात, की आपल्याऐवजी विचार करून मोकळी होतात? या लेखात आम्ही हा विषय महाराष्ट्रातील बौद्ध समाजाच्या अनुभवातून मांडत आहोत. कोणत्या पक्षाला मत द्यावे, हे सांगण्याचा आमचा हेतू नाही.

ओळख एक नसते

‘बौद्ध मतदार’ असा शब्द वापरला की एकसंध गट डोळ्यांसमोर येतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक, म्हणजे जवळजवळ ७७ टक्के, एकट्या महाराष्ट्रात. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण ५.८ टक्के भरते. अनुसूचित जातींचे एकूण प्रमाण ११.८ टक्के आहे.

पण यातला प्रत्येक माणूस एकाच वेळी अनेक काही असतो. नागपूरच्या वस्तीतली बौद्ध स्त्री ही कामगार असते, आई असते, बचत गटाची सदस्य असते, वैदर्भीय असते. कोकणातल्या बौद्धवाडीतला तरुण मुंबईत नोकरीला असतो आणि मत गावाकडे असते. यातली कोणती ओळख मतदानाच्या दिवशी जागी होईल, हे समोरचा प्रश्न ठरवतो. नामांतराचा लढा चालू होता तेव्हा जी ओळख पुढे आली, ती पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावर पुढे येईलच असे नाही. संविधानाला हात लागेल अशी शंका आली की एक ओळख उभी राहते. गावच्या सोसायटीत कर्ज मिळेल की नाही, या प्रश्नावर दुसरी.

आपल्या बाबतीत ओळख ही नुसती मनातली गोष्टही नव्हती, ती कागदावरची लढाई होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, पण त्यानंतर अनेक वर्षे केंद्र सरकारच्या लेखी बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीचा राहत नव्हता. याचा फटका थेट निवडणुकीलाही बसला. पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम या खटल्यात १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, उमेदवाराने बौद्ध धम्म स्वीकारला असल्याने तो राखीव जागेवर उभा राहण्यास पात्र नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची निवड त्याच्या धम्मामुळे रद्द झाली. बौद्धांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत समावेश झाला तो १९९० साली. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या माणसांना खरी ओळख सांगायची की उमेदवारी टिकवायची, असा पेच होता. ‘तुम्ही ओळखीवर मत देता’ असे म्हणणाऱ्याला हा इतिहास माहीत असावा.

अभ्यासक काय सांगतात

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ईरी परगण्यात १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मतदारांना अनेक महिने पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. प्रचारामुळे लोक मत बदलतात का, हे त्यांना पाहायचे होते. दिसले वेगळेच. प्रचाराने मत बदललेले लोक थोडे होते. बहुतेक घरांतली माणसे एकाच बाजूला मत देत होती आणि वर्तमानपत्र वा रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाच्या शब्दाला जास्त वजन होते. आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांना दोन बाजूंनी ओढ होती, म्हणजे धर्म एका पक्षाकडे ओढतो आणि व्यवसाय दुसऱ्याकडे, ते शेवटपर्यंत ठरवत नव्हते. काहींचा तर निवडणुकीतला रसच उडत होता. १९६० साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, पक्षाशी असलेली आपुलकी हीसुद्धा एक ओळख असते. ती बहुधा घरातून मिळते आणि तिच्या चष्म्यातून माणूस पुढच्या बातम्या पाहतो.

आपल्या देशात ‘व्होट बँक’ हा शब्द समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ च्या सुमारास म्हैसूरकडील एका गावाचा अभ्यास मांडताना वापरला. आज हा शब्द दलित आणि मुस्लीम समाजावर शिवीसारखा फेकला जातो. मूळ अर्थ उलटा होता. गावातला जमीनदार किंवा प्रतिष्ठित माणूस आपल्या कुळांची, गड्यांची, आश्रितांची मते आपल्या मुठीत ठेवतो आणि ती उमेदवाराला मिळवून देतो, ती व्होट बँक. म्हणजे बँक मालकाची होती, ठेवीदाराला विचारलेच जात नव्हते. जेव्हा आश्रित माणूस मालकाचे न ऐकता आपल्या समाजाचे ऐकू लागला, तेव्हा खरे तर ती जुनी बँक फुटली. समाज म्हणून एकत्र मत देणे ही गोष्ट दुबळ्या माणसाला पहिल्यांदा मालकाच्या दबावातून बाहेर काढते. हे तिचे मोल आहे, आणि ते कमी लेखता कामा नये.

एकजुटीचे मोल नियमावर ठरते

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे करून १४ निवडून आणले. यामागे समाजाची एकजूट होती, पण तिच्या जोडीला मतदानाची पद्धतही होती. अनेक जागांच्या मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते मतदाराला असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. संख्येने थोडा असलेला समाज आपली सारी मते आपल्या माणसाला देऊ शकत होता.

दुसरे कारण आपण अनेकदा विसरतो. पक्षाचे नाव जातीचे नव्हते, मजुराचे होते. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे अस्पृश्येतर कार्यकर्ते त्याच पक्षातून कायदेमंडळात गेले आणि बाबासाहेबांनी त्याच वर्षी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कोकणातला महार आणि कुणबी दोघेही खोताचे कूळ होते. जात वेगळी, पण मालकाशी असलेले नाते एक. त्या नात्याला राजकारणात जागा दिली गेली.

१९५२ साली चित्र पालटले. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. आता आपल्या समाजाची सगळी मते मिळूनही राखीव जागेचा निकाल इतरांच्या हाती गेला. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मते घेऊन निवडून आले. ७४ हजारांहून अधिक मते बाद झाली. राखीव जागेचे मत वाया घालवण्याचा प्रचार झाला, असा आरोप करणारा अर्ज बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी दाखल केला होता. तो फेटाळला गेला. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पहिल्याच निवडणुकीत हरला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झाले.

यातला धडा असा: ओळख कितीही पक्की असो, तिचे मोल मतदानाची पद्धत ठरवते. १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघ रद्द झाले, पण राखीव जागेचा मूळ पेच राहिला. आज विधानसभेच्या २८८ पैकी २९ आणि राज्यातील लोकसभेच्या ४८ पैकी ५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथे उभे असलेले सगळेच उमेदवार अनुसूचित जातींचे असतात. आपली मते त्यांच्यात विभागली जातात आणि कोण निवडून यावे, हे बहुतांशी इतर मतदार ठरवतात. त्यामुळे प्रस्थापित पक्ष असा उमेदवार शोधतात जो इतरांना ‘चालेल’. चालणारा म्हणजे कमी बोलणारा. अनेकदा बौद्ध नको, अन्य अनुसूचित जातीचा द्या, असा हिशेब होतो आणि मग बौद्ध, मातंग, चर्मकार यांच्यात जी दरी पडते तिचा फायदा तिसराच घेतो. हे भांडण आपले नाही, ते आपल्यावर लादलेले आहे, हे दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी एकमेकांना सांगण्याची गरज आहे.

याच्या उलट १९९८ साली काय झाले, तेही पाहावे. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले मुंबईतून, असे रिपब्लिकन पक्षाचे चार नेते एकाच वेळी लोकसभेत गेले. चौघेही सर्वसाधारण जागांवरून. काँग्रेसशी युती होती, गट एकत्र आले होते आणि आपली ओळख न सोडता इतरांची मते मिळवता आली होती. ते ऐक्य टिकले नाही. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीला राज्यात सुमारे ७ टक्के मते पडली, तरी तिच्या स्वतःच्या उमेदवारांपैकी एकही लोकसभेत पोहोचला नाही; मित्रपक्ष एमआयएमने औरंगाबादची जागा जिंकली. २०२४ च्या लोकसभेत आघाडीची मते तीन टक्क्यांच्या आत आली. त्या वेळी घराघरांत वाद झाला: आपल्या पक्षाला मत द्यावे, की संविधान धोक्यात आहे म्हणून जिंकू शकणाऱ्याला? ईरी परगण्यात दिसलेली दोन बाजूंची ओढ ती हीच. दोन्ही बाजूंचे लोक बाबासाहेबांचेच नाव घेत होते. एकाने दुसऱ्याला ‘विकला गेलेला’ म्हणणे तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे.

नात्यांचा दबाव कसा चालतो

लोकसभेपेक्षा ग्रामपंचायतीत नाती जास्त बोलतात. तिथे उमेदवार टीव्हीवर दिसत नाही, तो पाणी भरायला नळावर भेटतो. पॅनेल गावकीच्या वाड्यावर ठरते, सरपंचपदाचे आरक्षण सोडतीने निघते आणि राखीव पद आपल्या वाडीला आले की, पॅनेलवाले वाडीत ‘आपल्या ऐकण्यातला’ माणूस शोधतात. बहुधा तो सापडतो एकाच भावकीतल्या दोन घरांत, दोन पॅनेलकडून.

आमच्यापैकी एकाच्या वाडीत असेच घडले. दोन चुलतभाऊ समोरासमोर उभे राहिले. वाडीत साठ-सत्तर मते. वडीलधाऱ्यांनी विहारात बैठक घेतली, थोरल्याच्या बाजूने ठराव झाला, सगळ्यांनी मान हलवली. निकालात थोरला नऊ मतांनी पडला. प्रभागात वाडीबाहेरची मतेही होती, त्यामुळे नेमकी कोणाची मते फिरली हे कळायला मार्ग नव्हता. तरी संशय दोन घरांवर आला. त्या वर्षी जयंतीच्या वर्गणीला त्या घरांकडे कोणी गेले नाही. मिरवणूक त्यांच्या दारावरून गेली, पण दारात थांबली नाही. त्यातल्या एका घरातली आजी तेव्हापासून विहारात आली नाही. तिने कोणाला मत दिले होते, हे आम्हाला माहीत नाही आणि ते माहीत असण्याचा आम्हाला अधिकारही नाही. पण शेकडो वर्षे ज्या समाजाने बहिष्कार भोगला, त्याच समाजाच्या वाडीत एका मताच्या संशयावरून म्हातारीला बाहेर ठेवले गेले, हे सांगायला आम्हाला आजही जड जाते.

घराच्या आतला दबाव याहून दिसेनासा असतो. ‘आमच्या घरातली पाच मतं’ असे पुरुष सहज बोलतो. त्यातली तीन स्त्रियांची असतात. चिठ्ठ्या तो वाटतो, कोणते बटण दाबायचे ते तोच सांगतो. सून माहेराहून वेगळा विचार घेऊन आलेली असते, पण बोलत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के जागा आहेत. उमेदवार म्हणून तिचे नाव फलकावर लागते आणि निर्णय घरातला पुरुष घेतो, हेही त्याच नात्याचे रूप.

याशिवाय कर्ज, रोजगार आणि उपकार यांचे दबाव असतात. ऊसतोडीची उचल देणारा मुकादम, घरकुलाच्या यादीत नाव घालणारा, दवाखान्यात खाट मिळवून देणारा नगरसेवक, मुलाला कंत्राटी कामावर लावणारा पुढारी. उपकाराची जाण ठेवणे हा आपला चांगला गुण आहे. पण सरकारी योजनेचे घर हा उपकार नव्हे, तो हक्क आहे. हक्काची परतफेड मताने करायची नसते.

कायदा कुठे उभा आहे

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये मतदाराच्या बाजूने पुष्कळ काही आहे. तो लोकसभा व विधानसभेला लागू होतो; स्थानिक संस्थांचे कायदे वेगळे आहेत. काही तरतुदी प्रत्येकाला माहीत असायला हव्यात.

• कोणालाही आपण कोणाला मत दिले, हे सांगण्याची सक्ती करता येत नाही (कलम ९४). मतदानाच्या कामावर असलेल्यांनी गुप्तता राखणे बंधनकारक आहे (कलम १२८).

• मतासाठी पैसे किंवा वस्तू देणे हे भ्रष्ट आचरण आहे. तसेच सामाजिक बहिष्काराची, जातीबाहेर किंवा समाजाबाहेर काढण्याची धमकी देणे, अथवा दैवी कोप होईल अशी भीती घालणे, हा गैरवाजवी दबाव मानला जातो (कलम १२३).

• धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हेही भ्रष्ट आचरण आहे. मुंबईतील एका निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्मा-जातीच्या नावाने केलेले आवाहनही यात येते. तीन न्यायाधीशांचे म्हणणे होते की, जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तो अन्याय निवडणुकीत मांडता आला पाहिजे. हा मतभेद आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. कायदा उमेदवाराच्या तोंडाला लगाम घालतो, मतदाराच्या मनाला नाही. आपण सोसलेले लक्षात ठेवून मत देणे हा गुन्हा नाही.

• अंध किंवा अपंग मतदाराला सोबत्याची मदत घेता येते. सोबती अठरा वर्षांवरील असावा लागतो, त्याला गुप्तता पाळण्याचे लिहून द्यावे लागते आणि एका दिवशी तो एकाहून अधिक मतदारांचा सोबती होऊ शकत नाही. म्हणजे ‘वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना मीच नेतो’ हे चालत नाही.

• महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

एका ठिकाणी मात्र कायदा अपुरा पडतो. माणसाचे मत गुप्त असते, वस्तीचे नसते. मोजणी मतदान केंद्रानुसार होते आणि कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे जाहीर होते. एका केंद्रावर बहुतेक मतदार एकाच वस्तीतले असतील, तर त्या वस्तीने काय केले, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळते. मग रस्ता कोणाचा होतो आणि गटार कोणाची तुंबलेली राहते, हे वेगळे सांगायला नको. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळण्याची तरतूद होती. यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ वापरण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला, कायदा आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, पण ते आजतागायत वापरात आलेले नाही. छोट्या, एका कडेला असलेल्या वस्त्यांच्या दृष्टीने ही मागणी आरक्षणाइतकीच जिव्हाळ्याची आहे. आपल्या संघटनांच्या निवेदनांत ती क्वचितच दिसते.

शलाका आणि चार अगती

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की, भिक्खू संघाला सभेचे नियम, गणसंख्या, ठराव आणि गुप्त मतदानसुद्धा माहीत होते. विनयपिटकातील चुल्लवग्गात याचे वर्णन आहे. वाद मिटला नाही, तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेत. त्याच्या तीन पद्धती सांगितल्या आहेत: गूळ्हक म्हणजे गुप्त, सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून, आणि विवटक म्हणजे उघड. गुप्त पद्धतीत वेगवेगळ्या रंगांच्या शलाका असत आणि भिक्खूला सांगितले जाई, तुला हवी ती घे आणि कोणाला दाखवू नकोस. आजच्या निवडणुकीशी हे सगळे जुळत नाही. बहुमत धम्माविरुद्ध गेले तर ते मतदान रद्द करण्याचा अधिकार शलाका वाटणाऱ्याला होता. पण अडीच हजार वर्षांपूर्वी मताच्या गुप्ततेचा विचार झाला होता, ही साधी गोष्ट नाही.

शलाका वाटणारा कसा असावा, याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. तो छंद, दोस, मोह आणि भय या चार अगतींना बळी पडणारा नसावा, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही, हे त्याला कळावे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थालाही याच चार अगतींपासून सावध केले आहे. आम्हाला वाटते, मतदानाच्या आदल्या रात्री स्वतःला विचारायचे चार प्रश्न इथेच तयार आहेत.

छंद म्हणजे आपलेपणाची ओढ. हा माणूस माझा सोयरा नसता, तर मी त्याला मत दिले असते का? दोस म्हणजे द्वेष. मी या उमेदवाराला निवडतो आहे, की दुसऱ्या गटातल्या भावाला पाडतो आहे? मोह म्हणजे न समजून घेणे. याने मागच्या वेळी काय केले, हे मला खरेच माहीत आहे, की फिरत्या व्हिडिओवरून ठरवतो आहे? आणि भय. कोणाला कधीच कळणार नाही अशी खात्री असती, तर माझे मत हेच राहिले असते का?

या चार प्रश्नांना उत्तर देऊनही मत ‘आपल्या माणसाला’ पडले, तर ते ओळखीचे मत असूनही विचाराचे मत आहे. आणि ते दुसऱ्या समाजाच्या उमेदवाराला पडले, तरी तो समाजद्रोह नाही. त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता आणि एक माणूस, एक मत, एक मूल्य या तत्त्वातील विसंगतीही दाखवली होती. भक्तीचा इशारा आपण दुसऱ्यांच्या नेत्यांसाठी वापरतो. तो आपल्या नेत्यांनाही लागू आहे, आपल्या गटालाही आणि आपल्या घरातल्या कर्त्यालाही.

आपल्या हातात काय आहे

विहारात निवडणुकीची बैठक जरूर व्हावी. सगळ्या उमेदवारांची माहिती, त्यांची शपथपत्रे, त्यांची मागची कामे तिथे मोठ्याने वाचावीत. पण ठराव करून हात वर करायला लावू नयेत. उघड शलाकेची वेळ तिथे नसते. घरात चर्चा व्हावी आणि सून, मुलगी, आजी यांना आधी बोलू द्यावे. मतदानानंतर ‘कोणाला दिलंस?’ हा प्रश्न नवऱ्यानेही विचारू नये, मुलानेही विचारू नये. आणि निकाल काहीही लागो, जयंतीची वर्गणी प्रत्येक दारात मागावी.

एकजूट हवीच. तिच्याशिवाय आपल्याला कोणी मोजले नसते. पण खरी एकजूट तीच, जिच्यात वेगळे मत दिलेल्या माणसालाही विहाराची पायरी चढताना बिचकावे लागत नाही. ज्या समाजाने एका मताच्या मूल्यासाठी इतके सोसले, त्याने आपल्याच माणसाचे मत हिरावून घेऊ नये.

जय भीम.